खिडकी क्रमांक तीन

अकरा वर्षं मी काचेच्या आत बसलो.
काचेला खाली अर्धगोल भोक,
हात जाईल एवढं, तोंड नाही.
पोरं वाकून बोलायची
आणि वाकलेल्या माणसाशी बोलतात
तसा मी बोलायचो :
उत्पन्नाचा दाखला? नाही? पुढचा.

चोपड्याच्या आमच्या कॉलेजात
हजेरीपटावर नऊशे चाळीस नावं,
शिष्यवृत्तीच्या यादीत दोनशे सहा.
उरलेल्यांना गरज नसेल,
असं कुठल्या कागदावर नाही लिहिलं मी,
पण मनात लिहून ठेवलं होतं,
सहीशिक्क्यासकट.

मग अडावदच्या फाट्यावर
ट्रकात केळीचे घड भरताना दिसला
भटू कोळी, दुसऱ्या वर्षातून गळालेला.
खांद्यावर पोतं, पोत्यावर चिकाचे काळे डाग.
अर्ज का नाही भरलास रे?
त्यानं घड आधी नीट ठेवला,
दांडा वर, फण्या खाली, ओरखडा न पडेल असा.
मग म्हणाला,
"सर, मले वाटनं ते हुशार पोरेस्नं ऱ्हास."

एवढंच.
एका शब्दानं सातशे चौतीस पोरं
दारातून परत पाठवली होती,
आणि तो शब्द
मीच ठळक अक्षरांत छापून
नोटीस बोर्डावर टाचला होता.

त्या शनिवारी मी लॉक लावलं खिडकीला.
लॅपटॉप, अंगठ्याचं यंत्र, स्टेपलर,
आणि बायकोनं दिलेला शेव-मुरमुऱ्यांचा डबा.
बाजाराच्या दिवशी पिठाच्या गिरणीत
मालकानं एक प्लग रिकामा करून दिला.
म्हणाला, दळण थांबलं की तुमचं चालवा.
पट्टा फिरायचा, पडद्यावर पीठ बसायचं,
मी बाहीनं पुसायचो
आणि पुसताना भलतंच बटण दाबलं जायचं.

पाटीवर यावेळी तो शब्द नव्हता.
खडूनं लिहिलं :
कॉलेजची फी सरकार भरतं. कशी, ते इथे विचारा.

पहिली आली रुमली बारेला.
तिचा ओटीपी भावाच्या फोनवर जायचा,
भाऊ सुरतेत लूमवर.
फोन लागला, पण मागं शंभर माग खडखडत.
सात! नाही, साठ नाही, सात!
तिकडून तो ओरडतोय, इकडून ती,
जात्यात आणि मागात सापडलेले सहा आकडे
आम्ही वेचून काढले,
चौथ्या खेपेला.
वेळ संपायला अकरा सेकंद होते.
दळण घ्यायला आलेल्या बायाही
श्वास धरून उभ्या राहिल्या.

मग मुबारक तडवीच्या बापाचं नाव.
टीसीवर शमशेर, आधारवर समशेर.
बाप म्हणाला, मीच आहे दोन्ही.
यंत्र ऐकेना.
मी प्रतिज्ञापत्राचा नमुना काढला
आणि पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं,
की अकरा वर्षांत अशा किती बापांना
मी म्हणालो असेन :
तुम्ही तुम्ही नाही.

किती भरले, विचारू नका. आकडा सांगितला
की प्राचार्य त्याचा फोटो काढतात.
मला उरलेले दिसतात.
बँकेला आधार न जोडलेले, गावच सोडून गेलेले,
एक तर सही करता करता उठून गेली,
बस चुकेल म्हणून,
आणि पुन्हा आलीच नाही.

भटूचा अर्ज मी स्वतः उघडून ठेवलाय.
नाव, जन्मतारीख, दहावीचे गुण : एक्क्याऐंशी टक्के.
हुशार पोरांचं असतं म्हणे.
पुढच्या रकान्यात त्याचा अंगठा लागतो,
आणि केळीचा हंगाम ऐन भरात आहे.

खिडकीच्या काचेवर
माझ्याच हातची चिठ्ठी होती : तारीख संपली.
ती काल खरवडली.
कागद निघाला, गोंद नाही.
आता त्या चौकोनावर धूळ बसते,
आणि आतून बघितलं
की बाहेर उभं असलेलं पोर
नेमकं तेवढंच
अंधुक दिसतं.